पॅरा-सायकलिंगचं क्लासिफिकेशन : पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

मी औसा तालुक्यातला. २०१४ ला सोयाबीन मळताना उजवा पाय मळणी यंत्रात गेला, गुडघ्याच्या खाली साधारण चार बोटं उरलाय. दोन वर्षं घरात बसलो, मग सायकल धरली, आता पॅरा-सायकलिंगमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या सायकल शर्यतीत, सी-४ क्लासमध्ये (क्लास म्हणजे अडथळ्याप्रमाणं पाडलेला गट) रेस करतो. आपल्या भागातून हल्ली बरीच पोरं फोन करतात, लातूर, परभणी, बीड, नांदेड सगळीकडून, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "दादा माझं अपंगत्वाचं सर्टिफिकेट साठ टक्क्याचं आहे, मला कोणता क्लास भेटंल?" फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

त्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो, सर्टिफिकेटच्या टक्क्यावरून क्लास भेटत नाही. का, ते खाली येतंय.

१. क्लास म्हणजे काय ते आधी डोक्यात बसवा

पॅरा-सायकलिंग २००७ पासून यूसीआयकडे (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना) आहे, म्हणजे जी संस्था टूर द फ्रान्सचे नियम बघते तीच. त्यांनी चार प्रकार केलेत, आणि कोण कोणत्या वाहनावर बसू शकतो यावरून ते ठरलेत.

सी म्हणजे साधी दोन चाकी सायकल, सी-१ ते सी-५. टी म्हणजे तीन चाकी, टी-१ आणि टी-२, ज्यांना तोल राहत नाही त्यांच्यासाठी, सेरेब्रल पाल्सीवाले (मेंदूच्या इजेमुळं हातापायावर ताबा नसलेले) जास्त करून इथं असतात. एच म्हणजे हातानं पॅडल मारायची हँडसायकल, एच-१ ते एच-५. बी म्हणजे टँडम, पुढं डोळस पायलट आणि मागं दृष्टिहीन खेळाडू.

आकडा जेवढा लहान तेवढा अडथळा मोठा. लोक हे हमखास उलटं समजतात, एकानं मला "सी-५ झालो!" म्हणून पेढे दिले होते, त्याला वाटलं प्रमोशन झालं.

उदाहरणं बघा म्हणजे कळंल. ब्रिटनच्या सारा स्टोरी, जन्मापासून डावा पंजा नाही, त्या सी-५. जोडी कंडी, एक पाय गुडघ्याखाली नाही, सी-४, म्हणजे माझ्यासारखा (पाय माझ्यासारखा, टायमिंग नाही). आपल्या भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया सी-२, ती आणि अर्शद शेख हे दोघं २०२४ ला पॅरिसला गेले, पॅरालिम्पिकच्या सायकलिंगमध्ये भारताकडून पहिल्यांदाच कोणीतरी उतरलं, दोघंही सी-२. हँडसायकलमध्ये एच-१ ते एच-४ पाठीवर रेलून चालवतात, एच-५ वाले गुडघ्यावर बसून, कारण त्यांना कमरेची ताकद वापरता येते. मणक्याला मार लागलेल्यांचं कुठल्या मणक्यापासून खाली ताकद गेली त्यावर ठरतं, मान असंल तर एच-१ किंवा एच-२, छातीचा मणका असंल तर एच-३, त्याच्या खाली असंल तर एच-४, मोटामोटी असं.

२. आपण बसतो का, ते प्रामाणिकपणे बघा

इथं लई जणांचं मन मोडतं, म्हणून आधीच सांगतो.

सायकलिंगमध्ये चालणारे अडथळे ठराविक आहेत: स्नायूत ताकद नसणं (पोलिओ, मणक्याची इजा वगैरे), सांधा हलवला तरी न हलणं, हात किंवा पाय नसणं किंवा अर्धवट असणं, दोन पायांच्या लांबीत फरक, स्नायू कडक राहणं, तोल आणि हालचालीवर ताबा नसणं, हालचाल आपोआप होत राहणं, आणि नजर. बस. मतिमंदत्व, बुटकेपणा, बहिरेपणा यांना सायकलिंगमध्ये क्लास नाही. नुसतं दुखणं, म्हणजे "गुडघा लई दुखतो, स्लिप डिस्क आहे", हेही चालत नाही, दुखणं कितीही खरं असलं तरी. लवकर दम लागणं, सांधा ढिला असणं, तेही नाही.

आणि अडथळा यादीतला असला तरी तो किमान इतका पाहिजे अशी एक रेघ आहे. माझा चुलतभाऊ, कडबा कुट्टीत डाव्या हाताची दोन बोटं गेली. सरकारी सर्टिफिकेट आहे, एसटीत सवलत आहे. पण त्याला हँडल धरता येतं, ब्रेक दाबता येतो, गिअर बदलता येतो. पॅनलनं (क्लास ठरवणारे तपासनीस) बघितलं आणि पात्र नाही म्हणून सांगितलं. तो सहा महिने माझ्याशी नीट बोलला नाही, जणू मीच नापास केला. आता शांत डोक्यानं विचार केला तर पॅनलचं बरोबर होतं, दोन बोटं नसल्यानं पॅडल मारायला त्याला काहीच कमी पडत नाही, आणि त्याला सी-५ मध्ये घेतलं असतं तर अख्खा पंजा नसलेल्या पोराबरोबर तो पळाला असता.

म्हणूनच टक्केवारीचा उपयोग नाही. यूडीआयडी कार्डावरचे (सरकारी अपंगत्व ओळखपत्र) टक्के हे २०१६ च्या अपंग हक्क कायद्यासाठी आहेत, ४० टक्क्यांपासून सवलती चालू होतात. ते टक्के सायकल डोळ्यापुढं ठेवून काढलेले नसतात. पॅनल एकच बघतं की हा अडथळा सायकल चालवताना किती आडवा येतो. माझ्या ओळखीत सत्तर टक्केवाला सी-५ आहे आणि पंचावन्नवाला सी-३.

डोळ्याच्या बाबतीत मात्र मोजमाप सरळ आहे. चष्मा लावून, चांगल्या डोळ्याची नजर ६/६० किंवा त्याहून कमी, किंवा दिसण्याचा घेर मध्यापासून २० अंशापेक्षा कमी. टँडमवर सगळे एकाच गटात पळतात.

३. लायसन आणि यूसीआय आयडी

थोडक्यात सांगतो, हे वेबसाईटवर समजतं. भारतात यूसीआयशी जोडलेली संस्था सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया. राज्य संघटनेमार्फत नोंदणी करा, यूसीआय आयडी ११ आकडी असतो, तो एकदा मिळाला की आयुष्यभर तोच.

एकच खड्डा : नाव. आधारवर एक, यूडीआयडीवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं असं आपल्याकडं सर्रास असतं. माझ्या पासपोर्टवर वडलांचं नाव मधे आहे, कार्डावर नव्हतं, आडनावाचं स्पेलिंगपण वेगळं. दुरुस्तीत तीन महिने गेले. सगळं पासपोर्टप्रमाणं करून घ्या, आंतरराष्ट्रीय पॅनल पासपोर्टच बघतं.

४. मेडिकल फॉर्म, इथंच सगळ्यात जास्त लोक अडकतात

यूसीआयचा एक मेडिकल डायग्नोस्टिक फॉर्म असतो, तो इंग्रजीत, डॉक्टरनं भरून सही-शिक्का करून, स्पर्धेच्या आधी फेडरेशनमार्फत जातो. नजरेसाठी वेगळा फॉर्म असतो.

मी काय केलं, एका दवाखान्यात गेलो, ओपीडीला तोबा गर्दी, डॉक्टरांनी उभ्या उभ्या एका ओळीत "उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला" लिहिलं आणि सही ठोकली. मला वाटलं झालं काम, पाय नाही हे तर आंधळ्यालाही दिसतंय, अजून काय लिहायचं? फॉर्म परत आला. ऑपरेशनची तारीख नाही, स्टम्पची (पायाच्या उरलेल्या भागाची) लांबी नाही, एक्सरे जोडला नाही, डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर वाचता येत नाही. त्या वर्षीची स्पर्धा हातची गेली.

तर डॉक्टरकडं जाताना हे घेऊन जा, आणि ओपीडीच्या वेळेला जाऊ नका, आधी फोन करून अर्धा तास मागून घ्या:

– जुनं डिस्चार्ज कार्ड. नसंल तर त्या दवाखान्याच्या रेकॉर्डला अर्ज करा. पोलिओवाल्यांकडं लहानपणचं काहीच नसतं, त्यांनी नव्यानं तपासणी करून घ्यायची.
– हात-पाय नसणं किंवा लांबीतला फरक : एक्सरे, लांबी मोजता येईल असा.
– स्नायूची ताकद : कोणत्या स्नायूला ० ते ५ पैकी किती, याचा तक्ता. नसेची इजा असंल तर ईएमजी-एनसीव्ही (नसा-स्नायूंची विजेची तपासणी). मणका असंल तर एमआरआय.
– स्नायू कडक असणं किंवा तोल नसणं : न्यूरॉलॉजिस्टचा रिपोर्ट, मेंदूचा एमआरआय असंल तर तोही.
– नजर : नजरेचा आणि घेराचा ताजा रिपोर्ट, मशीनच्या प्रिंटसकट.
– चालू गोळ्यांची यादी. कडकपणासाठी बॅक्लोफेन वगैरे घेत असाल तर लिहायचंच, लपवायचं नाही, गोळी बंद करूनपण जायचं नाही.

१ जानेवारी २०२५ पासून आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीचा क्लासिफिकेशनचा नवीन कोड (नियमावली) चालू झालाय, त्यात अडथळ्याच्या मागचा मूळ आजार कागदावर सिद्ध झालाच पाहिजे यावर जोर आहे. "डॉक्टरला कारण सापडलं नाही पण पाय चालत नाही" अशी केस असंल तर आधी निदान, मग सायकल.

५. सायकल आणि जोडणी आधी तयार ठेवा

तपासणीला तुम्ही जशी रेस करणार तशीच सायकल, तोच कृत्रिम पाय, तेच बूट, हेल्मेट घेऊन जायचं. काहीही बदल केलेला असंल, म्हणजे एकाच हातानं दोन्ही ब्रेक दाबायची सोय, पाय नसलेल्या बाजूला मांडी टेकवायची वाटी, पॅडलची लांबी कमी केलेली, ते सगळं दाखवायचं, त्याची नोंद होते. नंतर गॅरेजमध्ये वेल्डिंग करून नवीन जुगाड बसवला आणि तसाच स्टार्टला गेलात तर तिथं थांबवतील. आपल्या एमआयडीसीतले फॅब्रिकेशनवाले काहीही बनवून देतात, माझी पहिली क्रँक (पॅडलचा दांडा) औशाच्या ट्रॅक्टर गॅरेजात कापलेली, पण आधी मंजुरी.

कृत्रिम पायवाल्यांनो, चालायचा पाय आणि सायकलचा पाय दोन्ही न्या. आणि लायनर (स्टम्पवर घालायचा मऊ मोजा) एक जास्तीचा ठेवा, मे महिन्यात लातूर-निलंगा रोडवर दोन तास मारून बघा, सॉकेटमधून (स्टम्प बसतो ती कृत्रिम पायाची वाटी) घामाची धार लागते आणि पाय फिरायला लागतो.

६. तपासणीचा दिवस

पॅनलमध्ये कमीत कमी दोन जण, डॉक्टर किंवा फिजिओ, आणि सायकलिंगची तांत्रिक बाजू कळणारा. तुमच्याबरोबर एक माणूस आणि दुभाषी नेता येतो. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका, पण दुभाषी असा न्या जो तुमचं बोलणं सांगंल, स्वतःचं जोडणार नाही. आधी संमतीच्या कागदावर सही घेतात, कधी व्हिडिओपण काढतात.

माझं असं झालं : एका हॉलमध्ये पडदे लावलेले, एसी फुल, तपासणीचं टेबल. पाय काढायला लावला, लायनर काढला, स्टम्पवर घामोळं आलेलं, मला उगाच लाज वाटली. तपासणाऱ्या बाईंनी टेप गुडघ्याच्या सांध्यापासून टोकापर्यंत धरली, एकदा, परत दुसऱ्यांदा, मग दुसऱ्या क्लासिफायरनं (पॅनलमधल्या तपासनिसानं) स्वतः मोजली, दोघांनी एकमेकांचा आकडा न सांगता लिहिला आणि मग जुळवला. गुडघा किती वाकतो ते कोनमापकासारख्या पट्टीनं बघितलं. चांगला पायपण तपासला. मग सायकलवर बसवून रोलरवर (जागेवरच चाक फिरतं त्या यंत्रावर) चालवायला लावली, उभं राहून मारता येतं का, उतरता कसं, चढता कसं. एकूण पाऊण तास.

आता जरा अवघड विषय.

परभणीकडचे एक दादा, पोलिओ, माझ्याच दिवशी त्यांची तपासणी. स्नायूची ताकद अशी बघतात की क्लासिफायर पायावर हात ठेवून दाबतो आणि तुम्ही उलटा जोर लावायचा. पाय वर उचलता येतो पण हातानं दाबलं की खाली जातो तर ३, थोडा दाब सहन केला तर ४, पूर्ण तर ५. दादांबरोबर आलेल्या पाहुण्यानं बाहेर कानात सांगून ठेवलेलं, "जरा कमी जोर लावायचा, खालचा क्लास भेटला की मेडल पक्कं." दादांनी तेच केलं. झोपून दाबलं तेव्हा पाय लगेच सोडला. पण क्लासिफायर तोच स्नायू परत बसवून तपासतो, मग पालथं झोपवून. शिवाय दादा टेबलावर चढले कसे, बूट घालायला वाकले कसे, सगळ्यावर नजर असते. तीन वेळा तीन वेगवेगळं आलं. त्यांनी शांतपणे दुभाष्याला सांगितलं की पूर्ण जोर लावा, नाहीतर आम्हाला "क्लासिफिकेशन अपूर्ण" लिहावं लागंल. दादा बाहेर आले तेव्हा शर्ट भिजलेला, एसीत. नंतर पूर्ण जोर लावला आणि क्लास मिळाला. पाहुणा चहा प्यायला गेला तो परत दिसलाच नाही.

अपूर्ण लिहिलं गेलं तर त्या स्पर्धेत पळताच येत नाही. आणि मुद्दाम फसवलं असं सिद्ध झालं तर बंदी येते. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये आपल्या एका थाळीफेकपटूला ब्राँझ मिळालं होतं, क्लासिफिकेशनवरून ते परत गेलं आणि पुढं दोन वर्षांची बंदी आली. २००० ला सिडनीत स्पेनच्या मतिमंदत्व गटातल्या बास्केटबॉल संघात तसा अडथळा नसलेलेच दहा खेळाडू घुसवले होते, त्यापायी त्या गटातल्या जगभरच्या खऱ्या खेळाडूंना २०१२ च्या लंडनपर्यंत पॅरालिम्पिकचं दार बंद राहिलं. चूक दहा जणांची, बारा वर्षं बाहेर भलतेच बसले.

उलटा प्रकारपण होतो, आणि मला वाटतं आपल्याकडं हाच जास्त होतो. आपल्याला लहानपणापासून "मला काही होत नाही" दाखवायची सवय. लेकरं पडतात, उठतात, कोणाला कळू देत नाहीत. मग पॅनलसमोरही दात-ओठ खाऊन कमरेनं झटका देऊन पाय उचलतात, आणि जी ताकद त्या स्नायूत नाहीच ती आहे असं वाटतं. सांगतील तोच स्नायू वापरा. दुखलं तर दुखतंय म्हणा, नाही जमलं तर नाही जमलं म्हणा.

सेरेब्रल पाल्सीवाल्यांसाठी अजून एक : रात्रभर प्रवास करून, थंड हॉलमध्ये तपासणी, की स्नायू नेहमीपेक्षा जास्त कडक होतात. आदल्या दिवशी पोचा, आणि आज नेहमीपेक्षा वेगळं वाटतंय का ते पॅनलला आधीच सांगा.

मणक्यावाल्यांनी एक ऐका, रेसच्या आधी लघवी तुंबवून ठेवून रक्तदाब वाढवायचा प्रकार काही लोक शिकवतात. त्यावर बंदी आहे, आणि त्यात मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो.

७. क्लास मिळाला, पण अजून संपलं नाही

नव्या खेळाडूचा स्टेटस 'एन' असतो. तपासणीनंतर रेसमध्ये पण तुम्हाला बघतात, टेबलावर जे दिसलं तेच रस्त्यावर दिसतं का. नंतर पुढचा स्टेटस मिळतो. 'सी' म्हणजे पक्का (सायकलच्या सी गटाशी याचा संबंध नाही), परत सहसा बोलवत नाहीत. 'आर' म्हणजे पुढच्या वेळी परत तपासणी. तारखेसकट आर असंल तर त्या वर्षापर्यंत चालतो, वाढत्या वयाच्या पोरांना आणि ज्यांचा आजार बदलत राहतो त्यांना बहुतेक असंच देतात.

राष्ट्रीय स्पर्धेत मिळालेला क्लास बाहेरच्या देशात बंधनकारक नाही. इथं सी-३ आणि तिकडं सी-४ असं होऊ शकतं, तिकडचा खरा धरायचा.

क्लास पटला नाही तर? भांडायचं नाही, फेसबुकवर लाईव्ह तर अजिबात नाही. प्रोटेस्ट असतो, तो तुम्ही स्वतः करू शकत नाही, फेडरेशनमार्फत, ठरलेल्या वेळेत, फी भरून, आणि कारण लिहून. मग दुसरं पॅनल नव्यानं तपासतं, पहिल्या पॅनलचे लोक त्यात नसतात. "दुसऱ्याचा पाय माझ्यापेक्षा बरा दिसतो" हे कारण होत नाही.

आणि बोर्डावरचा टाइम बघून गोंधळू नका. खेळाडू कमी असले की सी-१ ते सी-३ एकत्र पळवतात आणि टाइमला गुणक लावतात. समजा गुणक ९० टक्के असंल तर ४० मिनिटांत आलेल्याचे ३६ धरले जातात. म्हणून रेषा आधी ओलांडणारा खाली आणि मागून आलेला वर असं दिसतं. माझ्या एका मित्राच्या घरच्यांनी तर लाइव्ह बघून "आमच्या पोराला लुटलं" म्हणून मला रात्री साडेअकराला फोन केला होता.

८. कागद जपा

क्लासिफिकेशन कार्ड, मेडिकल फॉर्मची प्रत, जोडणीची मंजुरी, सगळं स्कॅन करून मेलवर ठेवा. पायात फरक पडला, ऑपरेशन झालं, स्टम्प परत कापावा लागला, कडकपणाचं इंजेक्शन घेतलं, तर पुढच्या स्पर्धेची वाट न बघता फेडरेशनला लिहून कळवा. माझा स्टम्प गेल्या वर्षी हाड वाढलं म्हणून दीड सेंटिमीटर कमी केला, मला वाटलं एवढ्याशाचं काय सांगायचं, तरी एक्सरे आणि डिस्चार्ज कार्ड पाठवून दिलं. आठ दिवसांनी मेल आला, पुढच्या स्पर्धेला परत टेबलावर या म्हणून. तारीख आलीय, तिकीट काढायचंय, लायनर नवीन घ्यायचाय.